पहिला हात सुधारला की स्मॅश आपोआप मिळतो

विदर्भातल्या कोणत्याही गावात संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या मैदानावर गेले तर सरावाचा प्रकार बहुधा एकच दिसतो. जाळीजवळ गावातला अनुभवी लिफ्टर उभा असतो, समोर दहा-बारा पोरांची रांग लागलेली असते, एकेक जण चेंडू त्याच्याकडे फेकतो, तो उचलून देतो आणि पोरगा धावत येऊन जीव खाऊन स्मॅश मारतो. चेंडू कधी जाळीत अडकतो, कधी शेजारच्या तुरीत जातो, क्वचित पलीकडच्या मैदानात पडतो. मग तो आणायला एक जण पळतो आणि बाकीची रांग कमरेवर हात ठेवून उभी राहते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळकरी मुलामुलींना हा खेळ शिकवताना माझे मत पक्के होत गेले आहे की, ही रांग हेच आपल्या खेळाचे मोठे दुखणे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात सामने स्मॅशवर फारसे जिंकले जात नाहीत. ते सर्व्हिसवर आणि ती सर्व्हिस घेणाऱ्या पहिल्या हातावर जिंकले किंवा गमावले जातात, आणि नेमक्या याच दोन गोष्टींना आपल्याकडे सरावात सर्वांत कमी वेळ मिळतो.

खेळाची रचना पाहिली तर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. प्रत्येक गुणाची सुरुवात सर्व्हिसने होते आणि ती पलीकडे पडली की पुढची कृती पहिल्या हाताची, म्हणजे चेंडू लिफ्टरकडे पाठवणाऱ्या पासची असते. तो पास लिफ्टरपर्यंत पोहोचला नाही तर लिफ्टर धावत सुटतो, कसाबसा चेंडू वर टाकतो आणि ज्या स्मॅशरने रांगेत उभे राहून शंभर स्मॅश मारले आहेत, त्याच्या वाट्याला जाळीपासून लांब पडलेला, मारता न येणारा चेंडू येतो. शिवाय गुणांचा हिशेबही बदललेला आहे. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे, त्यामुळे सर्व्हिस चुकली तर केवळ सर्व्हिस जात असे. १९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने रॅली पॉइंटची पद्धत स्वीकारल्यापासून प्रत्येक चूक थेट समोरच्याच्या खात्यात जमा होते. आपल्या मैदानांवर नियम नवा आला असला तरी सवय जुनीच राहिली आहे. जुनी मंडळी अजूनही ‘मार बिनधास्त, गेली तर गेली’ असे सांगून पोरांना सर्व्हिसला पाठवतात आणि पंचवीस गुणांच्या सेटमध्ये सात-आठ गुण फुकट देऊन मोकळी होतात.

रांगेचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. चेंडू आणण्याचा वेळ धरून एका स्मॅशला पंधरा सेकंद लागतात असे मानले, तर तासाभरात २४० स्मॅश होतात. बारा जणांत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला वीस येतात. म्हणजे साठ मिनिटांत त्या मुलाचा हात चेंडूला वीस वेळा लागतो. तेच बारा जण तिघातिघांच्या चार गटांत विभागले, प्रत्येक गटाला एक चेंडू दिला आणि पास, लिफ्ट, हलका फटका, पुन्हा पास असा क्रम चालू ठेवला, तर दर सहा सेकंदांनी प्रत्येकाचा हात चेंडूला लागू शकतो. निम्मा वेळ चेंडूमागे पळण्यात गेला असे धरले तरी दहा मिनिटांत पन्नास स्पर्श होतात. चार चेंडू नसतील तर? बहुतेक शाळांत नसतातच. तेव्हा दोन गट चेंडूवर खेळतात, तिसरा गट शाळेच्या भिंतीवर जुन्या रबरी चेंडूने लिफ्टचा सराव करतो, चौथा चेंडूविना पावलांचा. आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलतात. रिकामे उभे राहण्याची मुभा कोणालाच नसावी, हा माझ्या सरावातला एकमेव कडक नियम आहे.

चेंडूविषयी एक गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण अनेक मुलांचा पहिला हात या एका कारणाने बिघडलेला मी पाहिला आहे. नियमानुसार चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम आणि आतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो असतो. हा दाब फारच कमी आहे. आपण मात्र चेंडू सायकलच्या दुकानात नेतो, दुकानदार पंप मारतो आणि चेंडू दगडासारखा टणक करून देतो. अशा चेंडूने पास घेणाऱ्या सहावी-सातवीतल्या मुलाच्या मनगटावर लाल वळ उठतात, आणि दुसऱ्या दिवसापासून चेंडू येताना तो डोळे मिटतो व हात आत ओढतो. मग आपण त्याला भित्रा ठरवतो. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत जायला हवा. दाब मोजण्याचे यंत्र नसेल तेथे एवढी परीक्षा पुरते.

आता प्रत्यक्ष पासकडे वळू. आमच्या भागात शूटिंग बॉलचे वेड जुने आहे. हिवाळ्यात हॅलोजन लावून रात्रभर सामने चालतात आणि मुले ते पाहतच मोठी होतात. शूटिंगमध्ये चेंडू जोडलेल्या हातांनी जोरात परत मारायचा असतो, म्हणून तो खेळ पाहत वाढलेले मूल व्हॉलीबॉलमध्येही चेंडू दिसला की हात झुलवून मारते. सातवीतली एक मुलगी महिनाभर याच अडचणीत होती. समोरून आलेला चेंडू ती लिफ्टरकडे पाठवायला जायची आणि तो दर वेळी तिच्या डोक्यावरून मागे जायचा. शेवटी वैतागून तिने विचारले, “सर, बॉल मांगंच काहून जाते जी?” तिला बोलून समजावण्यापेक्षा मी शाळेतला एक बाक मैदानावर आणला. तिला बाकाच्या अगदी कडेला बसवले, तीन मीटरवरून मैत्रिणीने अलगद चेंडू टाकायचा आणि हिने कोपर सरळ ठेवून, हात न झुलवता, फक्त पायांवर जोर देऊन उठत उठत तो परत पाठवायचा, असे ठरवले. पास झाल्यावर हात जिथे असतील तिथेच क्षणभर थांबवायचे, म्हणजे ते खांद्याच्या वर गेले की नाही हे तिचे तिलाच दिसते. बसलेल्या माणसाला हात झुलवायला वावच मिळत नाही. चेंडूला लागणारा जोर पायांतून येतो आणि दिशा हातांच्या कोनातून मिळते, हे शरीराला न सांगता कळते. मागे जाणारे चेंडू हळूहळू कमी झाले. अजूनही दमल्यावर तिचे कोपर वाकतात, पण आता ते तिच्याच लक्षात येते.

चेंडू मनगटाच्या थोडा वर, हाताच्या आतल्या सपाट भागावर घ्यायचा असतो, अंगठे एकमेकांना समांतर ठेवून खाली झुकवायचे असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. अवघड असते ते पावलांचे काम. नवखा खेळाडू चेंडू येईपर्यंत जागेवर उभा राहतो आणि शेवटच्या क्षणी हात लांबवतो. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला सराव दिसायला बालिश आहे: समोरचा चेंडू फेकतो आणि खेळाडूने पास न देता धावत जाऊन तो दोन्ही हातांनी, खाली वाकून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये झेलायचा. गुडघ्यांच्या मध्ये झेल घ्यायचा असेल तर शरीर चेंडूच्या मागे न्यावेच लागते. हात लांबवून ते जमत नाही. असे झेल नीट जमू लागले की त्याच फेकीवर पास द्यायला लावायचा. मोठी मुले याला हसतात, त्यांना हसू द्यावे.

फेकलेल्या चेंडूवर पास छान जमला म्हणजे सर्व्हिस घेता येते, असा समज मात्र करून घेऊ नये. प्रशिक्षकाच्या हातून, त्याच जागेवरून, त्याच उंचीने येणारा चेंडू आणि नऊ मीटरच्या रेषेमागून, जाळीवरून, कधी हवेत डुलत तर कधी आखूड पडत येणारी सर्व्हिस यांत काहीच साम्य नाही. सर्व्हिस घेण्याचे निम्मे कौशल्य डोळ्यांत असते. सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा कोणीकडे वळला, चेंडूला हात मध्यावर लागला की खाली, हे पाहून पाऊल उचलायचे असते. १९७९ साली शी आणि मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी हातांच्या हालचालींवर एक साधा प्रयोग केला होता. एकच हालचाल ओळीने पुन्हा पुन्हा करणारे लोक सरावाच्या वेळी सरस दिसले, पण हालचालींची सरमिसळ करून शिकलेल्यांच्या त्या नंतर अधिक लक्षात राहिल्या. तो प्रयोग व्हॉलीबॉलचा नव्हता, तरी मैदानावर त्याचा प्रत्यय येतो. ओळीने वीस सारखे पास देणारा मुलगा सरावात हुशार वाटतो आणि तालुक्याच्या सामन्यात गोंधळतो. म्हणून तंत्र थोडे बसले की लगेच एक सर्व्हिस करणारा, दोन घेणारे आणि एक लिफ्टरच्या जागी उभा राहून चेंडू झेलणारा, अशा चौघांच्या गटाकडे वळावे, आणि सर्व्हिस कोठे पडणार हे घेणाऱ्यांना आधी कळू देऊ नये.

या सरावात एक वही ठेवावी. लिफ्टर जागेवरून न हलता कोणालाही चेंडू देऊ शकेल असा पास असेल तर तीन, थोडे हलून एक-दोन जणांनाच देता येईल तर दोन, चेंडू कसाबसा जिवंत राहिला तर एक आणि सर्व्हिस थेट गुण देऊन गेली तर शून्य. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला पेन्सिलीशिवाय काही लागत नाही. दहा सर्व्हिसमध्ये अठरा गुण झाले तर सरासरी १.८ येते. आमच्याकडे ज्याचा पाय मुरगळला आहे किंवा जो दमला आहे तो ही वही लिहितो, आणि गंमत अशी की लिहिणाऱ्या मुलालाच खेळ अधिक समजू लागतो.

दोघांच्या मध्ये पडलेल्या सर्व्हिसने जेवढे गुण जातात तेवढे बहुधा अवघड सर्व्हिसनेही जात नाहीत. दोघेही एकमेकांकडे पाहतात आणि चेंडू मध्ये टप्पा घेतो. मुलींच्या संघात हे जास्त घडते, कारण मैदानावर मोठ्याने ओरडायचा संकोच घरातूनच आलेला असतो. आमचा नियम असा आहे की, चेंडू जाळी ओलांडण्याआधी कोणीतरी ‘माझा’ म्हटलेच पाहिजे. हाक उशिरा आली तर पास कितीही चांगला पडला तरी वहीत एक गुण कमी. सुरुवातीला कुजबुज ऐकू येते, नंतर आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत जातो.

पहिल्या हाताची ही काळजी केवळ नवशिक्यांची आहे असे कोणी समजू नये. १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा जपानच्या महिलांनी सुवर्णपदक मिळवले. त्या संघातल्या बहुतेक मुली कैझुका येथील सूतगिरणीच्या संघातल्या होत्या. दिवसा काम करून रात्री उशिरापर्यंत त्या सराव करीत, आणि त्यांचे नाव झाले ते झेपावून चेंडू उचलत लोळण घेऊन पुन्हा उभे राहण्याच्या पद्धतीमुळे. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट सांगितली की मुलींचे कान टवकारतात. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु यांचा कठोरपणा मात्र शाळकरी मुलांवर अजमावण्याचे काही कारण नाही. पुढे १९८४ साली अमेरिकेच्या पुरुष संघाने याहून वेगळा विचार केला. सर्व्हिस घेण्याचा मुख्य भार कार्च किराय आणि ऑल्डिस बर्झिन्स या दोघांवरच सोपवला, बाकीच्यांना त्यातून मोकळे केले आणि सुवर्णपदक जिंकले. आपल्या चौदा वर्षांखालील संघात ते जमणार नाही. तेथे पाच जणांनी मिळून मैदान व्यापणेच बरे, कारण या वयात प्रत्येकाला पास यायला हवा. पण जगातला उत्तम संघ आपली बांधणी सर्व्हिस कोण घेणार या प्रश्नापासून सुरू करतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सर्व्हिसचा सराव तुलनेने सोपा आहे, कारण तो एकट्याने करता येतो. नवख्याला थेट नऊ मीटरच्या रेषेमागे उभे करू नये. सहा मीटरवरून चेंडू सहज पलीकडे जाऊ लागला की एकेक पाऊल मागे सरकवावे, नाही तर ताकद लावण्याच्या नादात खांदा वाकडा चालू लागतो आणि ती सवय मोडता मोडत नाही. फ्लोट सर्व्हिससाठी चेंडू बेताचा वर टाकायचा, तळहाताने बरोबर मध्यावर ठोकायचा आणि हात तेथेच थांबवायचा. चेंडू फिरला नाही तर हवेत तो डुलतो आणि घेणाऱ्याला फसवतो. निशाणीसाठी खताची रिकामी पोती मागच्या दोन कोपऱ्यांत आणि घेणाऱ्यांच्या मधल्या फटींत अंथरावीत. शिट्टी झाल्यापासून सर्व्हिस करायला आठ सेकंद मिळतात. आपली मुले ती दोन सेकंदांत उरकतात. श्वास घेऊन, पोते बघून मग हात उचलायचा, एवढे शिकवले तरी चुका बऱ्याच कमी होतात.

लिफ्टविषयी माझे एक मत आहे आणि त्यावर वादही होतात. गावात ठेंगणा मुलगा दिसला की त्याला सहावीतच कायमचा लिफ्टर करून टाकतात आणि उंच मुलाला कधी लिफ्टला हातही लावू देत नाहीत. या वयात कोण किती उंच होणार हे कोणाला सांगता येते? निदान नववीपर्यंत सर्वांनी सर्व जागांवर खेळावे. कपाळाच्या वर, दहाही बोटांनी, चेंडू न पकडता पुढे सोडण्याचा सराव भिंतीवर रोज दहा मिनिटे केला तर कोणाचेही हात तयार होतात.

स्मॅश शिकवूच नये असे मी म्हणत नाही. त्याच्या ओढीनेच तर मुले मैदानावर येतात. परंतु पुरुषांसाठीची २.४३ मीटर आणि महिलांसाठीची २.२४ मीटर ही जाळीची उंची मोठ्या खेळाडूंची आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाला तेवढ्या जाळीवर मारायला लावले तर तो चेंडू खालून ढकलायला शिकतो. खांबाला खिळे ठोकून दोन-तीन उंचींच्या खुणा करून ठेवल्या की जाळी एका मिनिटात खाली-वर करता येते. आणखी एक गोष्ट पाहावी: जाळीची वरची दोरी ढिली असल्याने आपली जाळी मध्ये वीतभर झोळ खाते, आणि सगळी मुले तेथूनच मारायला शिकतात. नियमानुसार दोन्ही टोके मध्यापेक्षा दोन सेंटिमीटरहून अधिक उंच असता कामा नयेत. दोरीच्या जागी तार ओढून घेतली की हा प्रश्न मिटतो. उजव्या हाताने मारणाऱ्याची पावले डावे, उजवे, डावे अशी पडावीत आणि शेवटची दोन झपकन पडावीत, हे चेंडू हातात न देता, फक्कीने पावले आखून शिकवावे. उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवणे मारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जाळीजवळ ब्लॉक करून, म्हणजे समोरचा स्मॅश अडवायला हात वर करून उडी मारून, उतरताना दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की घोटा मुरगळतो. या खेळातली ही नेहमीची दुखापत आहे.

उड्यांची संख्या आपल्याकडे तर मोजूनच ठेवावी, कारण जमीन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि दगडासारखी होते, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवला तर मैदान वर्षभर टिकते, पण तेही टणकच. वाढत्या वयातल्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागले तर ते ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून न देता उड्या बंद कराव्यात आणि पास-सर्व्हिसचा सराव चालू ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर मैदानावर कोणी नसावे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात आणि तालुक्याच्या शालेय स्पर्धा पावसाळा सरता सरता येऊन ठेपतात. म्हणजे ज्या दिवसांत तयारी करायची नेमके त्याच दिवसांत मैदान चिखलात असते. शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर मिळाले तर भिंतीवरची लिफ्ट, बाकावरचा पास आणि गुडघ्यांमधला झेल हे तिन्ही प्रकार छपराखाली निभतात. म्हणूनही माझा भर त्यांच्यावर आहे.

आठवड्यातून एकदा पूर्ण सामना खेळवतो, पण गुणांचा नियम थोडा वाकवून. पहिला पास नीट लिफ्टरच्या हातात पडून जो स्मॅश बसेल त्याला दोन गुण. तसे न होता, कसेही करून मिळवलेल्या गुणाला एकच. सर्व्हिस चुकली तर समोरच्याला एक गुण मिळतोच, शिवाय चुकवणारा पुढच्या फेरीला बाहेर बसून वही लिहितो. गावातल्या जुन्या खेळाडूंना हा प्रकार मुळीच पसंत नाही. पारावर बसून ते म्हणतात की, सरांनी पोरांच्या हातातला दणका काढून घेतला. त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही, कारण आमची मुले पहिल्या सेटमध्ये थोडी बावरून, जपून खेळतात आणि समोर कोणी जोरात मारणारा असेल तर ब्लॉक लावायला उशीर करतात. ब्लॉकसाठी हिवाळ्यापासून वेगळा वेळ ठेवायचे ठरवले आहे, आणि त्यासाठी याच जुन्या खेळाडूंना जाळीपलीकडे उभे करून मारायला बोलावणार आहे.